डॅक-प्रीॲम्प घ्यायचा का? आधी घरची घरघर शोधा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागात बोललो तेच थोडं नीटनेटकं करून देतोय. आजचा प्रश्न असा: घरच्या स्टिरिओला डॅक आणि प्रीॲम्प एकत्र असलेला डबा जोडावा का? मी या प्रश्नात दोन महिने अडकलो होतो. उत्तर मिळालं, पण भलत्याच ठिकाणी.

झालं असं की, मी पोंभुर्ण्याला घरूनच काम करतो. हॉलमध्ये बाबांचा जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत. बाबांच्या कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ॲम्पला वायर जोडली. गाणं जोरात असलं की ठीक. पण आलाप हळू झाला की मागे बारीक घरघर. मी इंजिनिअर, लगेच निदान करून मोकळा: लॅपटॉपचा डॅक भिकार आहे! २२,००० रुपयांचा एक डबा कार्टमध्ये टाकला. बाबा म्हणाले, "काहून रे, गाणे तर तेच हायेत ना?"

आता या डब्यात काय असतं ते बघू. डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. फाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. डॅक त्या आकड्यांचं व्होल्टेज करतो. म्हणजे तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये डॅक आधीच असतो. तो नसेल तर आवाजच येणार नाही. प्रश्न फक्त आहे तो पुरेसा आहे का, एवढाच.

प्रीॲम्पचं काम दोन गोष्टींचं: कुठला सोर्स ऐकायचा ते निवडणं आणि व्हॉल्यूम कमी-जास्त करणं. आणि इथेच बहुतेक लोक फसतात. इंटिग्रेटेड ॲम्प म्हणजेच प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एका पेटीत. त्याच्यापुढे अजून एक प्रीॲम्प लावला तर एकामागे एक दोन व्हॉल्यूम नॉब होतात. वेगळा डॅक साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो आणि असल्या ॲम्पना पूर्ण आवाजासाठी पाव व्होल्टही पुष्कळ होतो. म्हणून नॉब जरासा फिरवला की घर दणाणतं. तुमच्याकडे नुसता पॉवर ॲम्प किंवा ॲक्टिव्ह स्पीकर असतील तर प्रीॲम्प कामाचा. नाहीतर पैसे एकाच कामाला दोनदा.

मग माझी घरघर कुठून येत होती? कोड डीबग करताना आपण एकेक गोष्ट बंद करून बघतो ना, तसंच केलं.

पहिलं: ॲम्पला काहीच न जोडता आवाज वाढवला. शांत. म्हणजे ॲम्प ठीक. (इथेच हम आला असता तर जुने कपॅसिटर संशयित.)

दुसरं: वायर जोडली, लॅपटॉप बॅटरीवर. तरी शांत.

तिसरं: चार्जर लावला. घर्रर्र!

म्हणजे डॅक निर्दोष होता. गुन्हेगार चार्जरच्या बाजूला. तेव्हा आठवलं, चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की मुंग्या येतात. तीन पिनच्या चार्जरमधून अगदी थोडा करंट गळतो, आणि तो अर्थच्या पिनमधून जमिनीत जावा अशी रचना असते. तो रस्ताच नसेल तर तो दुसरी वाट शोधतो. आमच्याकडे ती वाट ऑडिओच्या वायरमधून जात होती.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावला. पेटला नाही. दुसऱ्या खोलीत, तेच. तिसऱ्या खोलीत, तेच. काका म्हणाले, "अर्थिंगच नाई जी घराले. भोक तेवढे तीन हायेत."

मंडळी, इथे माझ्या डोक्यातून गाणी गेली. कारण आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दारात लोखंडी कूलर असतो. आई रोज दुपारी त्यात पाणी टाकते, ओल्या फरशीवर, अनवाणी. आतली एखादी वायर घासून पत्र्याला लागली असती तर? मी बावीस हजार खर्चून महागडा डबा लावला असता, घरघर तशीच राहिली असती, आणि कूलरही तसाच.

काकांनी अंगणात खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं, मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. डब्यापेक्षा बराच कमी खर्च. घरघर गेली. आणि एक विनंती: हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आवाज जाईल, पण तुमचं संरक्षणही जाईल.

तरी मनात किडा होताच. चंद्रपूरचा मित्र त्याचा डॅक घेऊन आला. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमी "जास्त चांगला" वाटतो. मग मी पाठ फिरवून बसलो, तो बदलत गेला. दहापैकी सहा वेळा ओळखलं. नाणं उडवूनही तेवढं जमतं. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का आहे. तेवढे आले असते तर मी डॅक घेतला असता. त्यात आमच्या फाइल कॅसेटवरून उतरवलेल्या. टेपची सरसर मुळातच आहे, ती कुठला डॅक काढणार?

मग डबा कधी घ्यावा? टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल तर डॅक लागतोच, पण त्याला साधा छोटा चालतो. ऑप्टिकलमध्ये प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून त्या वायरमधून घरघर येत नाही. लॅपटॉपचा जॅक बॅटरीवरही खरखरत असेल तर आधी यूएसबी डोंगल लावून बघा. पॉवर ॲम्प किंवा ॲक्टिव्ह स्पीकर असतील आणि बसल्या जागी रिमोटने आवाज बदलायचा असेल, तर मात्र डॅक-प्रीॲम्प खुशाल घ्या.

बाबांना विचारलं, रिमोट पाहिजे का? म्हणाले, "नाई रे. उठलो का पाय मोकळे होतेत."

कार्ट रिकामी केली. तुम्हीही आज चार्जर काढून एकदा ऐकून बघा. आणि कूलर बाहेर काढण्याआधी वायरमनला बोलवा. भेटू पुढच्या भागात!