आलिशान मोटारीची बॅटरी आणि तिचे बिल

पंधरा-वीस दिवसांची यात्रा आटोपून कुटुंब घरी परतते. इमारतीच्या तळघरात उभी असलेली साठ-सत्तर लाखांची मोटार मात्र किल्लीला दाद देत नाही. दिवा लागत नाही, दारही उघडत नाही. अखेर रिमोटच्या पोटात दडलेली लहानशी लोखंडी चावी शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचे अंदाजपत्रक येते आणि दुकानाच्या टेम्पोची बॅटरी पाच-सहा हजारांत बदलून घेणारे जाणते व्यापारीही थबकतात. पेटी तीच, बारा व्होल्टची. मग किंमत कित्येक पटींनी अधिक का?

शिसे आणि आम्ल यांच्या संयोगातून वीज साठविण्याची युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शोधली. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि हाताने हँडल फिरविण्याचे कष्ट संपले. त्यानंतर कित्येक दशके बॅटरीचे मुख्य काम इंजिन जागे करण्याचे, फार तर दिवे लावण्याचे होते. आजच्या आलिशान मोटारीत मात्र दारांची कुलुपे, चोरीची सूचना देणारी यंत्रणा आणि डझनावारी लहान संगणक तिच्यावर विसंबून असतात. सिग्नलपाशी इंजिन आपोआप बंद होते आणि पुन्हा सुरू होते. हा मारा साधी बॅटरी फार काळ सोसू शकत नाही. म्हणून तेथे ‘एजीएम’ जातीची बॅटरी बसवितात. तिच्यात आम्ल मोकळे न ठेवता काचतंतूंच्या चटईत शोषून धरलेले असते. मूळ खर्च येथेच वाढतो.

उरलेला खर्च बसविण्याचा. बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींत बॅटरी बॉनेटखाली नसून मागे डिकीत असते. बंदिस्त जागेत वायू साचू नये म्हणून तिला बाहेर जाणारी नळी जोडावी लागते. ऋण टोकावर बॅटरीची प्रकृती मोजणारा सेन्सर असतो, आणि नवी बॅटरी बसविल्याची नोंद मोटारीच्या संगणकात करावी लागते. ही नोंद राहून गेली, तर संगणक नव्या बॅटरीलाही जुनी समजून तशीच चार्ज करीत राहतो आणि तिचे आयुष्य घटते. स्वस्तात मिळाली म्हणून एजीएमच्या जागी साधी बॅटरी बसविणे हा तर निखळ तोट्याचा व्यवहार.

तथापि अंदाजपत्रकातील प्रत्येक आकडा निमूटपणे मान्य करावा, असे नाही. बॅटरी, मजुरी आणि संगणकीय नोंद यांच्या रकमा वेगवेगळ्या मागाव्यात. मोटार कंपनीचे बोधचिन्ह असलेली बॅटरी पुष्कळदा एखाद्या बॅटरी उत्पादकानेच बनविलेली असते. त्याच जातीची, त्याच मापाची व क्षमतेची बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडे कमी दरात मिळू शकते. मात्र नोंद करण्याचे उपकरण असलेला तंत्रज्ञ हवा आणि मोटारीची वॉरंटी चालू असल्यास कंपनीचे म्हणणे आधी लेखी घ्यावे. मर्सिडीजच्या काही मोटारींत साहाय्यक बॅटरी निराळी असते. दोहोंपैकी नेमकी कोणती निकामी झाली, याचा चाचणी अहवाल पाहिल्याविना होकार देऊ नये. नव्या बॅटरीवरील उत्पादनाची तारीखही वाचून घ्यावी. गोदामात वर्षभर पडून राहिलेला माल नवा नव्हे.

बॅटरी अकाली का मरते, हा खरा हिशेबाचा विषय. उभ्या मोटारीतही थोडा विद्युतप्रवाह वाहतच असतो. तो 50 मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास खर्च होतात, तीस दिवसांत 36. म्हणजे 80 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात जवळजवळ निम्मी रिकामी! ती दीर्घकाळ अशी अर्धपोटी राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो सहजी निघत नाही. घर ते दुकान एवढ्याच दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ही तूट भरून निघत नाही. उन्हाळ्यातील उष्मा तर तिचा शत्रूच. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोटार फिरविली, लांबच्या प्रवासापूर्वी एजीएमला चालणारा स्वयंचलित चार्जर जोडला आणि रिमोट मोटारीपासून दूर ठेवला, तर पुष्कळ नुकसान टळते. चार्जरची किंमत नव्या बॅटरीच्या मानाने किरकोळ असते.

जुन्या बॅटरीचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तिच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो. अनधिकृत भट्ट्यांत ती फोडून वितळविली जाते, तेव्हा शिशाचे कण त्या वस्तीतील मुलांच्या शरीरात जातात आणि मेंदूच्या वाढीवर कायमचा घाला घालतात. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. रस्त्यावरचा भंगारवाला शंभर-दोनशे रुपये अधिक देऊ करील. तरीही पेटी अधिकृत विक्रेत्यालाच परत द्यावी आणि मोडीची रक्कम नव्या बॅटरीच्या पावतीवर वजा झालेली पाहूनच बाकीचे पैसे चुकते करावेत.