फिरंग्याचं पातं, सोलापूरचं मनगट

ऑफिसच्या खुर्चीतून उठून थेट तलवारीकडे! जुन्या युरोपची शस्त्रविद्या शिकायला गेलो आणि आपल्याच तालमीचं दार सापडलं. त्याची ही हटके गोष्ट.

मीटिंगमध्ये बॉसच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो. क्लायंटनं आक्रमक पवित्रा घेतलेला असतो. प्रेझेंटेशनची रंगीत तालीम राहिलेली असते आणि मार्चएंडला सगळी टीम हातघाईवर आलेली असते. पट्टा, पवित्रा, तालीम, हातघाई... दिवसभर आपण आखाड्याचीच भाषा बोलतो की! हातात मात्र माउस. फार तर चहाचा कप.

मी सोलापुरात एका खासगी बँकेत आहे. वय एकतीस, पाठदुखी मात्र पन्नाशीची. जिम लावून झाली, सोडूनही झाली. ट्रेडमिलवर धावताना समोरच्या भिंतीकडे किती वेळ बघणार? मग एका मित्रानं एक व्हिडिओ दाखवला. जाळीचे मास्क, जाडजूड जाकिटं आणि हातात लांब, सरळ तलवारी घेतलेली दोन माणसं. सिनेमातली टणाटण नाही, की हवेतल्या कोलांट्या नाहीत. तीन सेकंदांत खेळ खल्लास! हे आहे तरी काय, म्हणून शोधायला लागलो आणि अडकलो ते अडकलोच.

हा फंडा नेमका काय?

याला म्हणतात ‘हेमा’. नाही, ड्रीमगर्लशी काही संबंध नाही! ‘हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. ऑलिंपिकमधलं फेन्सिंग वेगळं. टोकियो ऑलिंपिकमध्ये चेन्नईची भवानी देवी सेबर प्रकारात उतरली आणि ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली, ते आधुनिक फेन्सिंग. तिथे एका अरुंद पट्टीवर पुढेमागे खेळायचं आणि स्पर्श झाला की दिवा लागतो. हेमामध्ये दिवा नाही, पट्टी नाही. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसं खरोखर जशी लढायची, तसं लढायला शिकायचं. तलवार, ढाल, कट्यार, काठी आणि झोंबाझोंबीसुद्धा.

गंमत म्हणजे हे शिकवणारी गुरु-शिष्य परंपरा युरोपात जवळजवळ तुटलीच होती. बंदुका आल्या, तलवारी भिंतीवर गेल्या आणि जुने डाव विस्मरणात गेले. मग आजची मंडळी शिकतात कशी? पुस्तकांतून!

सगळ्यांत जुनं हस्तलिखित साधारण इ. स. १३०० च्या सुमाराचं. ते आज इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. त्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतोय, आणि शेवटच्या पानांवर चक्क वाल्पुर्गिस नावाची एक बाई तलवार घेऊन उभी आहे. इटलीच्या फिओरेचा ग्रंथ १४१० च्या आसपासचा. जर्मन योआखिम मायर हा पेशानं चाकू-सुऱ्या बनवणारा. त्यानं १५७० मध्ये चित्रांसकट जाडजूड पुस्तक छापलं. अमेरिकेचंही योगदान आहे बरं का! दुसऱ्या महायुद्धात गाजलेला जनरल जॉर्ज पॅटन तरुणपणी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये पाचवा आला होता. पुढं त्यानं अमेरिकन घोडदळासाठी १९१३ ची सरळ पात्याची तलवार आखली आणि ती चालवायची कशी, याचं पुस्तकही लिहिलं. यातलं बरंचसं आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

जर्मन पद्धतीतल्या चार मुख्य पवित्र्यांची नावं तर ऐकाच: बैल, नांगर, खुळा आणि ‘छपरावरून’. मूठ डोक्याशेजारी, टोक समोरच्याच्या तोंडावर रोखलेलं, म्हणजे शिंग उगारलेला बैल. टोक जमिनीकडे सोडून ‘ये, मार’ म्हणत उभा राहिलेला तो खुळा. शेतावरच्या माणसाला ही भाषा वेगळी समजावून सांगायलाच नको!

तलवार फिरंगी, म्हणजे आपलीच!

‘अरे, सोलापुरात राहून युरोपची तलवार कशाला?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी पडतो, म्हणजे कुणीतरी अंगावर टाकतं. त्याचं उत्तर एका शब्दात आहे: फिरंग.

मराठ्यांच्या लांब, सरळ तलवारीला फिरंग म्हणत, कारण तिचं पातं फिरंग्यांच्या मुलखातून यायचं. मूठ मात्र इथली, हात झाकणारी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारातून युरोपी पाती दख्खनमध्ये येत राहिली. विजापूर आपल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी तर निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. चाँदबिबीच्या लग्नात हा किल्ला आंदण गेला होता, हे शाळेत आपल्याला कुणी सांगितलं का?

ताजं उदाहरण हवंय? २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपात घडलेलं, आणि त्याच पात्यावर सोन्यानं देवनागरी अक्षरं. त्यांत ‘फिरंग’ हा शब्दही आहे!

उलटा प्रवासही भन्नाट आहे. कॅप्टन नोलन हा इंग्रज घोडदळातला अधिकारी. त्यानं १८५३ च्या आपल्या पुस्तकात निजामाच्या घोडेस्वारांचा किस्सा दिलाय. त्यांच्या तलवारींनी केलेले घाव बघून गोरे साहेब थक्क झाले. चौकशी केली तर काय निघालं? ती पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली, जुनी! स्वारांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात जपून ठेवली. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात तलवारीची धार घासून बोथट व्हायची. हा निजामाचा मुलूख सोलापूरला खेटूनच होता. पातं कुणाचं, यापेक्षा ते सांभाळतं कोण, याला महत्त्व.

काठीचंही तसंच. स्वित्झर्लंडच्या पिएर विनीनं १९०० च्या सुमारास लंडनमध्ये हातातल्या काठीनं लढायची पद्धत शिकवली. तीच पद्धत हिंदुस्थानच्या पोलिस खात्यातला अधिकारी एच. जी. लँग यानं १९२३ मध्ये पुस्तकात मांडली. लाठीच्या देशात विलायती काठीचा क्लास!

‘पाय दिसतोय, भार दिसत नाही’

आमचा ग्रुप पाच जणांचा. एक सीए, एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, एक आर्किटेक्ट मुलगी, एक कॉलेजात शिकवणारी आणि मी. जागा म्हणजे पूर्व भागातली एक बंद पडलेली यंत्रमागाची शेड. वेळ रविवारी सकाळी सहाची, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात आठनंतर ते जाड जाकीट घालणं म्हणजे स्वतःची भाकरी भाजून घेणं. नंतर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, हा कूल-डाऊन!

शेडजवळच राहणारे एक वस्ताद आहेत. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी तालमीत घुमलेले, लाठी आणि दांडपट्टा दोन्हींत हात बसलेला. एका रविवारी ते दारात येऊन उभे राहिले.

‘‘काय करायलाव बे पोरांनो?’’

‘‘वस्ताद, जर्मन तलवारबाजी. साडेचारशे वर्षांपूर्वीची आहे,’’ मी प्रिंटआउट पुढे केला.

त्यांनी चश्मा लावून मायरचं चित्र निरखलं. मग माझ्या हातातली नायलॉनची तलवार घेतली आणि तसेच उभे राहिले. क्षणभरानं मागच्या पायाची टाच किंचित उचलली, कंबर वळवली आणि म्हणाले, ‘‘चित्रात पाय दिसतोय. पायावरचा भार दिसत नाही. तो कुणाकडून शिकलाव?’’

उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण युरोपातसुद्धा हाच झगडा आहे. तिथली माणसं एकेका चित्रासमोर महिनोन्‌महिने बसतात. भार पुढच्या पायावर की मागच्या, वार खांद्यातून की कमरेतून, हे करून बघतात, वाद घालतात, पुन्हा करून बघतात. त्यातच जर्मन पद्धतीचा मूळ गुरू लिष्टेनाउअर याची शिकवण मुद्दाम गूढ पद्यात बांधलेली, म्हणजे परक्याला कळू नये! नंतरच्या उस्तादांनी त्यावर टीका लिहिल्या म्हणून आज अर्थ लागतो.

आमच्याकडे तो भार समोर उभा होता. दांडपट्ट्याचंच बघा. त्याची मूठ म्हणजे हात आत घालायचा लोखंडी मोजाच. मनगट जवळजवळ अडकलेलं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतूनच काढावा लागतो. हे वाचून मला कधीच कळलं नसतं. वस्तादांनी माझ्या कमरेला हात लावून एकदा फिरवलं आणि कळलं. सरावाची साधनंही सारखीच निघाली. इंग्रज सैनिक सेबर शिकायला मुठीला टोपलीसारखी ढाप असलेली काठी वापरायचे. आपल्याकडे फरीगदगा, म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी आणि छोटी ढाल. दोघांनाही एकच कळलं होतं: शिकताना जोडीदार जिवंत राहिला पाहिजे!

अर्धा डाव

मग आम्ही ठरवलं की वस्तादांना येतं ते सगळं रेकॉर्ड करायचं. त्यांनी एकट्यानं करायचे हात भराभर दाखवले. पण दोघांच्या लाठीचा एक डाव आला आणि ते मध्येच थांबले.

‘‘इथनं पुढचं जोडीदार करायचा. त्याचा वार आला की मगच माझा हात निघतो.’’

‘‘मग त्यांना बोलवू या की, वस्ताद.’’

‘‘गेला की तो. पाच वर्षं झाली.’’

त्या डावाचा अर्धा भाग त्या माणसाबरोबर गेला. कुठल्याही कागदावर तो नाही. वस्तादांचा हात अजून योग्य जागी थांबतो, पण समोर काय यायचं होतं ते शब्दांत सांगता येत नाही. त्यांचे दोन चांगले चेले पुण्याला नोकरीला गेले. ते आता मिरवणुकीपुरते येतात.

युरोपात पुस्तकं राहिली, माणसं गेली. आपल्याकडे माणसं राहिली, आणि लिहिलं फार थोडं गेलं. अजिबात नाही असं नाही. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला, केवढं मोठं काम! पण प्रत्येक तालमीचे आपले हात, आपली नावं, आपल्या खोड्या. त्या ज्ञानकोशात कशा मावणार? आज युरोपातली पोरं सहाशे वर्षांपूर्वीच्या एका पायासाठी डोकं फोडतायत. आपल्याला तो पाय विचारता येतो. अजून.

आता आमचे रविवार अर्धे-अर्धे. पहिला तास मायर, दुसरा तास वस्ताद. आर्किटेक्ट मैत्रीण प्रत्येक पावलाचा नकाशा काढते, जमिनीवर खडूनं पाऊल आखून. त्या अर्ध्या डावाचं काय? वस्ताद आपला हात करतात, आम्ही समोरून एकेक वार देऊन बघतो. सतरा वार झाले. ‘‘हा नव्हं,’’ एवढंच ऐकायला मिळालंय. अठराव्याला ते काहीच बोलले नाहीत. पुन्हा करायला लावला.

तुम्हाला सुरू करायचंय?

• वजनाला घाबरू नका. दोन हातांची युरोपी तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची असते. दहा किलोची फक्त सिनेमात!

• आधी काठी. पहिले काही महिने साधी काठी, नंतर लाकडी किंवा नायलॉनची तलवार. स्टील सगळ्यांत शेवटी, तेही बोथट आणि वाकणारं.

• मास्कशिवाय समोरासमोर नाही. साधा फेन्सिंग मास्क समोरून वाचवतो, डोक्याची मागची बाजू उघडी राहते. तिथे वेगळं संरक्षण लावा. गळा आणि बोटंही झाका. कीबोर्ड सोमवारी पुन्हा वाजवायचाय!

• कायदा लक्षात ठेवा. नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार तलवार शस्त्र कायद्याच्या नियमांत येते. ती घेऊन रस्त्यावर फिरू नका. आणि तलवारीनं केक कापून रील टाकणं ही शस्त्रविद्या नव्हे. त्यात फक्त पोलिस स्टेशनचा रस्ता कळतो.

• मुलींनो, मागे राहू नका. वाल्पुर्गिस आठवा. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त मार मी आर्किटेक्टकडूनच खातो.

• तालमीत जा. तुमच्या गल्लीत, आजोळी, गावाकडे कुणीतरी लाठी किंवा पट्टा शिकलेलं असेलच. आधी पाया पडा, मग विचारा. फोन दोन बाजूंनी लावा, एक समोरून आणि एक कडेनं. प्रत्येक हाताचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या. आणि त्यांचा जोडीदार हयात असेल, तर त्यालाही त्याच दिवशी बोलवा.