आखडलेले कोपर आणि हृदयाचा ठोका

मनगटावर बोटे ठेवून आपली नाडी मोजून पाहा. मिनिटाला साधारण ७० ते ८० ठोके भरतील. प्रत्येक ठोक्यामागे एक विद्युत् संदेश असतो. तो हृदयाच्या वरच्या भागात निर्माण होतो व खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो. तो वाटेतच अडला तर?

असे ज्यात घडते, त्या एका आनुवंशिक रोगाची ही माहिती आहे. १९६६ साली ॲलन एमरी या ब्रिटिश वैद्यकीय संशोधकाने फ्रिट्झ ड्रायफस यांच्यासह अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील तीन पिढ्यांत मिळून आठ पुरुषांना स्नायूंचा विकार होता. ड्यूशेन नावाच्या स्नायुविकारात मुलगा बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास चालेनासा होतो. हा रोग त्यामानाने सौम्य होता. यात लहानपणीच कोपरे आखडतात, टाचा वर ओढल्या जातात आणि मान पुढे वाकत नाही. पुढे हृदयातील संदेशाची वाट बिघडते. आज हा रोग एमरी-ड्रायफस या नावाने ओळखला जातो.

हा रोग पुरुषांतच का दिसला? त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाजवळ एक्स एकच. तो आईकडून येतो. त्यावरील जनुक सदोष असले तर त्याची उणीव भरून काढणारे दुसरे नसते. आता सांगा पाहू, रोगी पित्याकडून हे जनुक मुलाकडे जाईल की मुलीकडे? अर्थात मुलीकडे, कारण मुलाला पित्याकडून वाय गुणसूत्र मिळते.

१९९४ मध्ये हे जनुक सापडले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला एमरींच्या सन्मानार्थ ‘एमरिन’ हे नाव मिळाले. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाच्या आवरणात आढळते. स्नायू सतत ताणले जातात. तो ताण सोसण्यास हे आवरण कमी पडत असावे, असा एक तर्क आहे. १९९९ मध्ये लॅमिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळेही असाच रोग होतो, असे आढळले. तो मात्र पित्याकडून मुलाकडेही जाऊ शकतो.

हा रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. धोका असा, की चालताफिरता माणूस हृदय बंद पडून अचानक दगावू शकतो. म्हणून रोग्याचा ईसीजी नियमित काढतात. सदोष जनुक बाळगणाऱ्या आई-बहिणींचेही हृदय तपासतात. गरज पडल्यास छातीत पेसमेकर बसवून ठोका सांभाळता येतो. काहींना त्याहून अधिक उपचार लागतात. आखडलेल्या कोपरावरून डॉक्टरांनी वेळीच हृदयाची शंका घेतली, तर एक जीव वाचू शकतो.