झोपेने न उतरणारा थकवा

दिवसभर भाताची लावणी केली की कंबर मोडून येते. पण रात्री झोप झाली की माणूस सकाळी पुन्हा चिखलात उभा राहतो. हा निरोगी माणसाचा थकवा. दुसरा एक थकवा आहे, तो झोपेने उतरत नाही. तापाची साथ येऊन जाते, सारे बरे होतात, आणि घरातील एकजण मात्र उठत नाही. थोडे काम केले की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतो, साधा हिशेबही त्याला जमेनासा होतो. असे सहा महिन्यांवर चालले व दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्यास ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. घरचे लोक आळस म्हणतात.

शिकलेलेही ह्यात मागे नाहीत. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात २९२ कर्मचारी अशा दुखण्याने पडले, इस्पितळ काही महिने बंद ठेवावे लागले. १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी रोग्यांना न भेटता, जुने कागद चाळून, हा सामूहिक उन्माद असल्याचा निवाडा दिला. आजाऱ्यांत स्त्रिया फार होत्या, हे त्यांचे एक कारण!

आता शरीरात काय घडते ते पाहू. बहुतेक पेशींत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक चुली असतात. तेथे अन्न प्राणवायूच्या साहाय्याने जळून शक्ती मिळते. चूल म्हटली की ठिणग्या आल्याच. ह्या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचे अतिशय चंचल कण. नांगराच्या फाळाला गंज चढतो, उघडे तेल खवट होते, त्याच जातीची नासधूस ते पेशीत करतात. त्यांना विझवायला ग्लुटाथायोनसारखे राखणदार असतात. ठिणग्या वाढल्या किंवा राखणदार कमी पडले, की त्या स्थितीस ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मग चुलीच पोळतात. पोळलेली चूल शक्ती कमी देते आणि ठिणग्या अधिक उडवते.

२००५ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांना ह्या रोग्यांच्या रक्तात स्निग्ध पदार्थ ‘खवट’ झाल्याच्या खुणा निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळल्या. पुढे मेंदूतील ग्लुटाथायोनही कमी असल्याचे दिसले. २०२१ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी कोविडनंतर रेंगाळणाऱ्या थकव्याशी ह्याचे साम्य दाखवले. हा ताण रोगाचे मूळ आहे की परिणाम, ह्याचा निर्णय अद्याप झालेला नाही. पण खुणा रक्तात आहेत. तेव्हा आळशी हा शब्द मागे घ्यावा.

म्हणून कोणी ‘अँटिऑक्सिडंट’च्या महागड्या बाटल्या आणू नयेत. त्यांनी हा आजार बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. गाजर-पालेभाजी खाण्यास अर्थातच हरकत नाही.

आधी रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय ह्यांची तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा थकव्याचे कारण तेथेच सापडते आणि त्यावर औषध आहे. तेथे काही न निघाले, तर रोग्याला बळेच चालवू नये. ब्रिटनमध्ये पूर्वी रोज थोडा थोडा व्यायाम वाढवायला लावत. २०२१ साली तेथील अधिकृत मार्गदर्शनातून तो सल्ला काढून टाकला. अंगात जेवढी शक्ती आहे त्याच्या आतच काम थांबवावे. बरे वाटते त्या दिवशी तर विशेष जपावे, कारण साठलेली सारी धुणी माणूस त्याच दिवशी काढतो आणि पुढचे आठ दिवस पडून राहतो.