विश्लेषण : ११८ कोटींचे चित्र आणि मिरजेतला माळ्यावरचा तानपुरा… लिलावात किंमत ठरते कशी?

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवली. दोन्ही घटना २०२५ मधल्या. अशी बातमी वाचली की घरातली जुनी नाणी, चित्रे, वाद्ये आठवणे साहजिक आहे. पण वस्तू जुनी आहे म्हणून ती महाग होते का? आणि विकायची झाल्यास कायदा काय सांगतो?

लिलावांत नेमके काय घडले?

हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चे चित्र क्रिस्टीज संस्थेने १९ मार्च २०२५ रोजी लिलावात काढले. त्याला २५ ते ३५ लाख डॉलर मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते एक कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. त्यानंतर सप्टेंबरमध्ये नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० च्या चित्राला सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटी रुपये मिळाले.

रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज संस्थेच्या लिलावात होती. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा आदी धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये आला. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली.

हळदीचा सौदा आणि हा लिलाव, फरक काय?

सांगलीत हळदीचे आणि तासगावात बेदाण्याचे सौदे रोजच्या परिचयाचे. तिथे मालाची प्रत, ओलावा, रंग पाहून भाव निघतो आणि एक पोते गेले तरी तसाच माल दुसऱ्या दुकानात मिळतो. कलावस्तू एकच असते. ती हवी असलेले दोघे जरी हट्टाला पेटले तरी भाव अंदाजाच्या कितीतरी पुढे जातो. एकच जण उरला तर वस्तू तशीच परतही येते.

परत येण्याचे कारण म्हणजे राखीव किंमत. विक्रेता आणि लिलाव संस्था ती आधी ठरवतात. बोली त्याखाली राहिली तर विक्री होत नाही. हातोडा पडतो त्या रकमेवर संस्था खरेदीदाराकडून आपला हिस्सा घेते. अडतीसारखाच हा प्रकार, पण टक्केवारी बरीच मोठी. बातमीत येणारा आकडा बहुधा हा हिस्सा धरून असतो, त्यामुळे तेवढी सगळी रक्कम विक्रेत्याच्या हाती पडत नाही.

मग एवढी किंमत कशाची?

वस्तूची, आणि तिच्या सिद्ध होणाऱ्या इतिहासाची. ‘ग्रामयात्रा’ कोणाकडे कधी होते, याची साखळी अखंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले डॉक्टर लिऑन व्होलोडार्स्की यांनी ते १९५४ मध्ये विकत घेतले आणि पुढे नॉर्वेला नेले. १९६४ मध्ये ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेले आणि अनेक दशके तिथेच राहिले. विक्रीचे पैसेही तिथल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठीच ठेवायचे ठरले. एवढी नोंद असल्यावर चित्र खरे की खोटे, हा वाद उरत नाही.

तलवारीचेही तसेच. पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे फिरंग. तशी पाती अनेक आहेत. या पात्यावर मात्र देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब कोरलेला आहे. तो किताब त्यांना साताऱ्याच्या शाहू छत्रपतींकडून मिळाला होता. या कोरीव ओळीमुळे ही तलवार इतरांहून वेगळी ठरली.

वाद्यांचे काय?

मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेचे नाव लावून दुसरीकडची वाद्ये विकण्याला आळा घालता येतो. मात्र घरातला जुना तानपुरा कोणत्या कारागिराने, कोणत्या वर्षी बनवला, हे मानांकन सांगत नाही.

वाद्याच्या लिलावात नाव किती मोठे काम करते, याचे उदाहरण म्हणजे बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांची सतार. बनलेली कोलकात्यात, विकत घेतलेली लंडनमध्ये. ‘नॉर्वेजियन वूड’ या १९६५ च्या गाण्याशी जोडलेली ही सतार त्यांनी पुढे एका मित्राला दिली होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात तिला ६२ हजार ५०० डॉलर मिळाले. त्याच दुकानातली, त्याच काळातली दुसरी सतार तेवढ्याला गेली नसती.

मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले आणि १९३७ मध्ये निधनानंतर त्यांचे दफनही इथल्याच दर्ग्यात झाले. त्यांच्या किंवा दुसऱ्या मोठ्या गवयाच्या मैफलीत आपला तानपुरा वाजल्याची आठवण एखाद्या घरात असू शकते. बाजारात त्या आठवणीला आधार लागतो : मैफलीचा फोटो, पत्र, कारागिराची पावती, वाद्यावरची खूण. असे कागद रद्दीत गेले तर वाद्य तेच राहते, पण त्याची ओळख पुसली जाते. जुने वाद्य घाईने रंगवून, पॉलिश करून घेतले तर खुणाही जातात.

असा पुरावा नसलेल्या तानपुऱ्याची किंमत त्याच्या नादावर ठरते. ती सांगायला लिलाव संस्था लागत नाही. मिरजेतले सतारमेकर पुरेसे आहेत.

विकण्याआधी कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. तिच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. जुन्या मूर्ती, चित्रे अशा ठरावीक प्रकारांची नोंदणीही करावी लागते. वय शंभरपेक्षा कमी असले तरी राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ टागोर यांच्यासह नऊ कलावंतांची भारतातली चित्रे परदेशी नेता येत नाहीत. हुसेन त्या यादीत नाहीत.

वाडा पाडताना नाण्यांचा हंडा सापडला तर तो परस्पर विकता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

फसवणूक कशी ओळखावी?

‘ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. समोरचा आधी नोंदणी शुल्क मागतो, मग कर, मग कमिशन. पैसे मात्र येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

खरी लिलाव संस्था आधी वस्तू तपासते, मालकीचे पुरावे मागते आणि लेखी करार करते. संदेश पाठवणारा वस्तू न पाहताच लाखांचा भाव सांगतो, तिथेच थांबावे. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.