दोन घंटांच्या मधला निरोप

अमेरिकेतील तांब्याच्या तारेवरच्या टेलिफोनची घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद गप्प राहते. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेमधील या शांततेत एक्स्चेंज तारेवरून एक छोटा निरोप पाठवते : फोन कोणत्या क्रमांकावरून, किती तारखेला आणि किती वाजता आला. न्यू जर्सी राज्यात ही सेवा १९८७ साली ग्राहकांना मिळू लागली. तारेला मोडेम आणि मोडेमला संगणक जोडला, की हा निरोप पडद्यावर वाचता येतो. तो कसा, ते पाहू.

तारेवरून शून्य आणि एक पाठवायचे म्हणजे दोन वेगळे सूर पाठवायचे. 'एक'साठी १२०० हर्ट्झचा सूर आणि 'शून्य'साठी २२०० हर्ट्झचा. सेकंदाला १२०० बिट जातात, म्हणून एका बिटाच्या वाट्याला सुमारे ०.८३ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात पहिल्या सुराचे बरोबर एक आवर्तन होते, दुसऱ्याची दोनाला थोडी कमी. मोडेम हा फरक ओळखतो.

निरोपाआधी शून्य-एक, शून्य-एक असे ३०० बिट येतात, मग सलग १८० वेळा 'एक'. झोपलेल्याला आधी हाक मारून मग काम सांगावे, तसाच हा प्रकार. पुढे खरा निरोप. सर्वांत साध्या प्रकारात पहिला बाइट ४ हा अंक असतो. तो निरोपाचा प्रकार सांगतो. दुसरा बाइट लांबी सांगतो. मग महिना, दिवस, तास, मिनिट यांचे आठ अंक, मग फोनचा क्रमांक, आणि शेवटी एक तपासणीचा बाइट. दहा अंकी क्रमांकासाठी असे २१ बाइट होतात. प्रत्येक बाइटाच्या पुढेमागे एकेक बिट जोडलेला असतो, म्हणून २१० बिट. सगळे मिळून ६९० बिट, म्हणजे जेमतेम ०.५७५ सेकंद. चार सेकंदांत ते सहज मावतात. यात वर्ष कोठेच नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. ते संगणकाने आपल्या घड्याळातून भरायचे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री दोन्ही घड्याळांत मिनिटाचाही फरक असला तर नोंद वर्षभराने चुकते.

तपासणीचा बाइट कसा काढतात, हे फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. समजा, २६ जानेवारीला सकाळी साडेदहाला फोन आला आणि फोन करणाऱ्याने आपला क्रमांक लपवला आहे. अशा वेळी क्रमांकाच्या जागी 'पी' हे इंग्रजी अक्षर येते. मजकूर झाला ०१२६१०३० आणि पी, एकूण नऊ चिन्हे. आस्की संकेतात शून्याचा अंक ४८, एकाचा ४९ असे चढत जातात, आणि 'पी'चा ८०. आठ अंकांची बेरीज ३९७, 'पी' धरून ४७७. त्यात प्रकाराचे ४ आणि लांबीचे ९ मिळवले की ४९०. आता यात किती मिळवले म्हणजे २५६ने नि:शेष भाग जाईल? २२. तोच शेवटचा बाइट. मिळालेल्या निरोपाच्या बेरजेला २५६ने भाग गेला नाही, तर वाटेत काही बिघडले असे समजायचे. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही युक्ती फसते. का, ते विद्यार्थ्यांनी सांगावे.

संगणकावरच्या कार्यक्रमाला यातले फारसे काही करावे लागत नाही; मोडेमच बहुतेक काम करतो. कार्यक्रमाने सिरियल पोर्ट उघडून मोडेमला आज्ञा द्यायची. अनेक मोडेमना एटी+व्हीसीआयडी=१ ही आज्ञा चालते, काहींना एटी#सीआयडी=१. उत्तर 'ओके' आले तर ठीक. 'एरर' आले तर बहुधा त्या मोडेमला दुसरी आज्ञा लागते, किंवा ही सोय त्यात नाहीच. फोन आला की पहिल्या 'रिंग'नंतर तारीख, वेळ आणि क्रमांक अशा ओळी येतात. प्रत्येकीत बरोबरच्या चिन्हाआधी नाव, नंतर किंमत. पोर्टवरून येणारी अक्षरे तुकड्यातुकड्यांनी येतात, म्हणून ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत ती साठवायची आणि मगच वाचायची.

नवशिक्यांची हमखास अडचण निराळीच असते. मोडेम एका घंटेनंतर आपोआप फोन उचलेल अशी तजवीज केलेली असते. फोन उचलला की घंटांमधली शांतताच उरत नाही आणि निरोप हरवतो. एस-शून्य या नोंदीत शून्य किंवा निदान दोन ठेवले की काम होते.

देश बदलला की हिशेबही बदलतो. ब्रिटनमध्ये १९९४ साली सेवा आली, ती १३०० आणि २१०० हर्ट्झच्या सुरांवर, आणि तेथे निरोप पहिल्या घंटेच्या आधीच येतो. डेन्मार्क, स्वीडन येथे क्रमांक फोनच्या बटणांच्या जोडसुरांनी पाठवत. भारतातील अनेक एक्स्चेंजांनीही तीच पद्धत घेतली. त्यामुळे अमेरिकेसाठी बनवलेला मोडेम येथे 'रिंग' म्हणत बसे आणि क्रमांकाबद्दल गप्प राही.

आता महत्त्वाचे. वरची बेरीज जुळली याचा अर्थ निरोप तारेत बिघडला नाही, एवढाच. तो खरा आहे असे नव्हे. इंटरनेटवरून किंवा खासगी एक्स्चेंजमधून फोन करणारा भलताच क्रमांक पुढे करू शकतो. फसवणुकीसाठी असे करणे अमेरिकेत २०१० साली कायद्याने गुन्हा ठरले, तरी ते थांबलेले नाही. म्हणून केवळ दिसलेल्या क्रमांकावर विसंबून कोणाची खासगी माहिती देणारा कार्यक्रम लिहू नये.

दुसरी बाजू 'पी' अक्षराची. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईने मुलांशी बोलायला फोन केला, तर तिचा ठावठिकाणा पडद्यावर उमटावा काय? कॅलिफोर्नियात यावर बराच वाद झाला आणि तेथे सेवा १९९६ साली, न्यू जर्सीनंतर नऊ वर्षांनी आली. अमेरिकेत क्रमांकाआधी तारा-चिन्ह आणि ६७ दाबले की 'पी' जातो. क्रमांक कळलाच नसेल तर 'ओ' येतो. कार्यक्रमात या दोन अक्षरांना वेगवेगळी वागणूक द्यावी : 'ओ'पुढे 'क्रमांक उपलब्ध नाही' लिहावे आणि 'पी'पुढे 'क्रमांक दिलेला नाही'.