वायफाय अडकतंय? प्लॅन वाढवण्याआधी चॅनल बघा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

गेल्या महिन्यात कामठ्याला ताईकडे गेलो होतो. भाचीची ऑनलाइन सराव परीक्षा रात्री ८ ला असते आणि नेट नेमकं तेव्हाच अडकायचं. एकदा तर पेपर अर्धवटच जमा झाला, पोरगी रडकुंडीला आली. भाऊजी म्हणाले, "मोठा प्लॅनच घेऊन टाकतो." म्हटलं, थांबा जरा.

आधी लॅपटॉप केबलने राऊटरला जोडला. स्पीड पूर्ण! म्हणजे बाहेरची लाइन ठीक, गडबड घरातल्या हवेत. प्लॅन वाढवून पैसेच गेले असते.

मग फोनवर वायफाय अॅनालायझर अॅप उघडलं. शेजारचे दोन राऊटर चॅनल ६ वर आणि आपला ४ वर, कुणीतरी 'रिकामा आहे' म्हणून ठेवलेला. इथंच घोळ होता. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर असतात, पण सिग्नलला जागा लागते साधारण २० ची. म्हणजे ४ आणि ६ एकमेकांत घुसणारच. गंमत बघा, एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं बोलतात. अर्धवट घुसलेल्याचं बोलणं मात्र कळत नाही, नुसता गोंगाट होतो. म्हणून १, ६ किंवा ११ यांतलाच चॅनल घ्यायचा.

राऊटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो. त्यानं सेटिंगमध्ये शिरून चॅनल १ केला, रुंदी ४० वरून २० वर आणली. कागदावरचा वेग घटतो, हो. पण अडकणं थांबतं.

शेजाऱ्याची तक्रार करता येते का? नाही. २००५ पासून आपल्याकडे हा पट्टा विनापरवाना आहे. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथंच, आणि गोंगाट सहन करणं हीच अट.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते. पण ताईचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. पुढच्या खोलीत मस्त चालतं, भाचीच्या मागच्या खोलीत गायब! त्यामुळे परीक्षेपुरती केबलच ओढली, दाराच्या चौकटीवरून. ताईला ती दिसायला आवडत नाही, पण रविवारचा पेपर पूर्ण झाला.